नावेला पाणी पाजताना

लकडगंजात हंसराजभाईंनी विचारलं, दार की दिवाण?
मी म्हटलं, नाव.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
आजोबांचं मांडवी बंदर त्यांनी नुसतं ऐकलेलं,
तरी घनफुटामागे शंभर रुपये सोडले, स्वतःहून.
सागाच्या सात फळ्या, बिनगाठीच्या.
हातगाडीवाला त्रिमूर्तीनगरात शिरताना म्हणाला,
बाई, इकडे नदी कुठे?

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात
मी कागदावर पाणी काढलं.
ट्रेसिंगवर, बारीक निबेनं, निळं,
रेघ हलू नये म्हणून श्वास धरून.
पोहता येत नाही मला.
नावेत एकदाच बसले, अंबाझरीत, चौथीच्या सहलीला,
आणि काठ येईपर्यंत रडले म्हणे.

तरी पोर्चमध्ये कणा ठोकला दिवाळीनंतर.
बरगड्या वाकवल्या इडलीपात्राच्या वाफेवर,
गॅसचे दोन सिलिंडर गेले, एक बरगडी मोडली,
अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, नवं आलं.
मुलगा पुण्याहून म्हणाला, आई, फायबरची तयार मिळते.
मी फोन बरगड्यांकडे वळवला
आणि चहा टाकायला आत गेले.

मग मे.
शेहेचाळीस पार, कूलरमधला वाळासुद्धा करपल्यासारखा.
रात्री पोर्चमधून टक्, टक्.
सकाळी फळ्याफळ्यांत इतकी फट
की पोस्टकार्ड आरपार जावं.
मी भुसा आणि सरस भरला, वाळून पडला.
पुट्टी भरली, पडली.
सहा महिने घासलेल्या लाकडातून
समोरच्या भिंतीचं ऊन दिसायला लागलं.

समोरच्या अपार्टमेंटचे चौकीदार, वातूजी दुधपचारे,
रस्ता ओलांडून आले.
उलट्या हातानं फळीला शिवले,
ताप बघावा तसे.
काहून बुजवून राहिल्या ह्या फटी?
तहानली हाय थे.
आधी पाणी पाजा तिले. आतून.

आतून?

हाव. भरून ठेवा. गळंल, गळू द्या.
लाकूड आपलं आपण मिटते.

नळ एक दिवसाआड.
कूलरचं, भाज्या धुतल्याचं, फिल्टरचं वाया जाणारं,
बादली ओतली की बादलीभर बाहेर.
पांढरीपांडे काकू गच्चीवरून मोजत होत्या,
टँकरच्या दिवसांत हे काय थेर.
पेरूच्या झाडाला मात्र पालवी फुटली.
दुसऱ्या दिवशी बादलीतली अर्धी टिकली.
तिसऱ्या रात्री थेंब मोजता येऊ लागले.

त्या रात्री वातूजी पायरीवर बसले,
बिडी न पेटवता बोटांत फिरवत.
त्यांचा डोंगा होता, मोहाच्या एका खोडाचा.
गाव धरणात गेलं.
ह्या महिन्यात पाणी उतरलं का
शाळेचा स्लॅब उघडा पडते, म्हणाले,
पोरं त्यावर जाळी वाळवतात.
गावाचं नाव सांगितलं.
पिंपळटोला.

मला माहीत होतं.
शीट क्रमांक सतरा, डावीकडे खाली.
स्टेन्सिल ठेवून मीच लिहिलं होतं ते,
तीन मिलिमीटरच्या अक्षरांत,
आणि वरून निळ्या तिरप्या रेघा,
सारख्या अंतरावर, एकही न चुकता.
साहेबांनी हात सुंदर आहे म्हटलं होतं.

तुमी कोण्या खात्यात व्हत्या?
सरकारी, मी म्हटलं.
ते हाव म्हणाले, आणि आम्ही दोघं
थेंबांकडे कान देऊन बसलो.
त्यापुढचं मी बोलायला हवं होतं.
अजून बोलले नाही.

चौथ्या सकाळी पाणी काठाशी थांबलेलं.
त्यांनी ड्युटी संपवून, चप्पल काढून,
वाकून नावेखालची फरशी चाचपली.
कोरडी.
झालं, म्हणाले. आता सांडून द्या.
आणि आपणच डब्यानं उपसू लागले, पेरूकडे,
एक थेंब इकडेतिकडे न जाऊ देता.

सातवी फळी उरली आहे.
नकाशात बैठक एकच होती.
आज दुपारी दुसरीची मापं घेतली,
शिसपेन्सिलीनं.